दिवा पुकारायची रीत

मी पेनच्या मागच्या टोकाने टेबलावर दोनदा ठोकलं. कुंदाने मायक्रोस्कोपवरची मान न उचलता “हो” म्हटलं, आणि मी नॉब फिरवून लेझरला करंट दिला.

पलीकडच्या टेबलावरून मंगल पगारे खिदळली. “अगं बायांनो, आज चौथा दिवस! तोंडाला काय कुलूप घातलंय का?”

“ज्यांची तोंडं साहेबांपुढे जास्त चालतात ना, त्यांना विचार,” मी मंगलला म्हटलं, पण कुंदाला नीट ऐकू जाईल अशा बेताने.

कुंदाची बोटं स्क्रूवर होती. तिने तो अगदी किंचित फिरवला आणि मीटरवरचा आकडा चढायला लागला. एरवी तो आकडा मी मोठ्याने वाचायचे. चाळीस, बेचाळीस, पंचेचाळीस, थांब थांब, गेला खाली, मागे घे. पण चार दिवसांपासून मी मीटरचं तोंडच तिच्याकडे वळवून ठेवलं होतं. बघ म्हटलं तुझं तूच.

बावीस वर्षं झाली या गोष्टीला. नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत आमची कंपनी होती. तिचं नाव सांगून काय करायचं, ती आता उरलेलीही नाही. फोनच्या आणि केबलच्या तारांमधून प्रकाश पाठवायला जे लेझर लागतात, ते आम्ही तयार करायचो. काडेपेटीच्या अर्ध्या आकाराची सोनेरी डबी, तिच्यात मोहरीहून बारीक लेझरचा तुकडा, आणि त्याच्यासमोर केसाएवढ्या काचेच्या तारेचं टोक नेऊन बसवायचं. त्या काचेच्या तारेला आम्ही फायबर म्हणायचो. टोक एवढंसं सरकलं की सगळा प्रकाश वाया. म्हणून लेझर चालू ठेवायचा, टोक हलवत राहायचं, आणि आकडा सगळ्यात वर गेला की तिथेच झाळून पक्कं करायचं. सगळ्या बायकाच होतो आम्ही. पांढरे डगले, डोक्याला टोप्या, आणि एसीचा गारठा असा की जूनमध्येही आत स्वेटर घालायचो.

एका टेबलावर दोघी. एकीने टोक जुळवायचं, दुसरीने करंटचा नॉब आणि मीटर सांभाळायचा. आणि नियम एकच, आमचे सुपरवायझर देवरे सर यांनी पहिल्या दिवशी घोकून घेतलेला. करंट देण्याआधी नॉबवालीने तोंडाने पुकारायचं, “दिवा!” समोरची “हो” म्हणायची, पण ती आमची सवय; लेखी नियम पुकारण्याचाच. कारण आमचा लेझर डोळ्याला दिसतच नाही. लाल नाही, हिरवा नाही, काहीच नाही. चालू आहे की बंद, हे त्या फायबरकडे बघून ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

जुने लेझर मवाळ होते. त्या महिन्यात नवी ऑर्डर आली ती जबरदस्त ताकदीची. फायबरचं दुसरं टोक कधीकधी मीटरमधून काढून, धूळबीळ आहे का ते तपासणीच्या मायक्रोस्कोपखाली बघावं लागायचं. त्या मायक्रोस्कोपला डोळा सांभाळणारा फिल्टर हवा होता. देवरे सरांनी मागवला होता. आलेला नव्हता. “तोवर दिवा नीट पुकारा,” सर म्हणाले होते.

आता अबोला कशाचा, तेही सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

फायबर जुळवताना एक गंमत असते. आकडा चढतो, चढतो, मग उतरायला लागतो. वाटतं, झालं, हीच वरची जागा. पण ती असते खोटी. आणखी पुढे गेलं तर आकडा आधी आपटतो आणि मग खरा वर जातो. नवख्या बाईला ते कळत नाही. मला कळायचं. पण आदल्या शुक्रवारी टोक जुळवायची पाळी माझी होती, माझ्या मुलाला ताप होता, माझा जीव घरी अडकलेला, आणि मी एकामागून एक अकरा डब्या खोट्या जागेवर झाळून टाकल्या. तपासताना कुंदाच्या लक्षात आलं. ती मला म्हणाली असती तर मी सावरलं असतं काहीतरी. बाई सरळ उठली आणि देवरे सरांना सांगून मोकळी झाली.

अकराच्या अकरा डब्या भंगारात गेल्या. सरांनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. आणि हे कधी, तर दहा दिवसांनी कायम करायच्या बायकांची यादी लागणार होती तेव्हा. आमच्या यांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, कारखान्याला वर्षभरापूर्वी टाळं लागलेलं. घरात कमावती मी एकटी. कायम झाले नाही तर करार संपेल आणि मी घरी, एवढं सरळ होतं ते.

“अगं, पुढे गेल्या असत्या त्या डब्या तर कुणाच्या तरी गळ्याशी आलं असतं,” कुंदा मला जिन्यात म्हणाली. “मी तुझं नाव नव्हतं घेतलं. टेबल नंबर सांगितला फक्त.”

“वा! टेबलावर भुतं बसतात का?” मी म्हटलं, आणि तेव्हापासून तोंड फिरवलं. एका डब्यात जेवणाऱ्या आम्ही दोघी, तिच्या हातची शेवभाजी माझ्या मुलांना आईच्या भाजीपेक्षा गोड. पण माझा स्वभावच तसला. एकदा नाकाला मिरची झोंबली की झोंबली.

दिवा पुकारायचा तरी कसा, म्हणजे तिच्याशी बोलणंच झालं ना ते! म्हणून मी पेनने टकटक सुरू केली. दोनदा ठोकलं की दिवा. कुंदाने पहिल्या दिवशी एकदा माझ्याकडे बघितलं, मग ती मुकाट “हो” म्हणायला लागली. देवरे सरांना दिसत होतं. तेही गप्प बसले. बायकांच्या भांडणात कोण पडतो?

तर तो चौथा दिवस. जेवणाच्या सुट्टीला अर्धा तास होता. एका डबीचा आकडा काही केल्या वर जाईना. कुंदाने मला खूण केली, बंद कर. मी नॉब शून्यावर नेला. तिने फायबरचं दुसरं टोक मीटरमधून काढलं, पुसलं. मी तिच्याकडे पाठ करून नोंदवहीत आकडे भरत बसले. तिने टोक पुसून परत मीटरमध्ये घातलं असणार, असं मी धरून चालले. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, तिची मान मायक्रोस्कोपवर वाकलेली. ती तर दिवसभर वाकलेलीच असायची. कुठल्या मायक्रोस्कोपवर वाकली आहे, हे बघायला मला अख्खं वळावं लागलं असतं.

पेन हातात होतं. त्याने मी लिहीत होते. ठोकायचं म्हणजे लिहिणं थांबवायचं. आणि खरं सांगू? त्या क्षणी मला तिचा तो गरीब गाईसारखा “हो” ऐकायचाच नव्हता. मी डाव्या हाताने नॉब फिरवला.

आकडा लिहून झाला. मी वाकून मीटरच्या तोंडाकडे बघितलं. मीटर शून्य दाखवत होता.

मी वळले. फायबरचं टोक तपासणीच्या मायक्रोस्कोपखाली होतं आणि कुंदाचा उजवा डोळा त्या मायक्रोस्कोपवर होता.

मी नॉब शून्यावर नेला. आवाज होऊ नये म्हणून हळू नेला. हे मला पक्कं आठवतं. हळू नेला.

कुंदाने मान वर केली, डोळा चोळला, आणि मीटरकडे बघून म्हणाली, “मीटरवर डाग पडलाय का गं? आकड्याच्या मधोमध काहीतरी काळपट दिसतंय.”

मी उत्तर दिलं नाही. तिला वाटलं, माझा अबोला. तिने खिशातून रुमाल काढून मीटरची काच पुसली. मग चष्मा पुसला. मग परत बघितलं.

“जात नाही,” ती स्वतःशीच म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत ती मंगलला सांगत होती, डोळ्यापुढे भुंगा आल्यासारखं होतंय, जिकडे बघावं तिकडे तोच पुढे. मंगल म्हणाली, “पित्त झालं असेल, लिंबू-पाणी घे.” कुंदा हसली. दुखत नव्हतं ना तिला. काहीच दुखत नव्हतं. मी चार टेबलं सोडून बसले होते. उठावं, तिचा हात धरावा, दवाखान्यात न्यावं, असं शंभरदा वाटलं. पण उठले असते तर का उठलीस ते सांगावं लागलं असतं.

संध्याकाळपर्यंत ती टोकं जुळवत बसली. डावा डोळा लावून.

दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याने तिला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याच्या बरोबर मधोमध भाजलंय. औषध नाही. जे गेलं ते गेलं. कडेकडेचं दिसेल, पण ज्याच्याकडे बघाल तेच दिसणार नाही. आमच्या कामात दोन्ही डोळ्यांची तपासणी दर सहा महिन्यांनी असायची. नापास झाली की लाइनवरून बाहेर. कुंदाचंही नाव कायमच्या यादीत यायचं होतं. कामात ती आम्हा सगळ्यांपेक्षा उजवी होती.

तिसऱ्या दिवशी आम्हा दोघींना टिळेकर साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. टिळेकर साहेब म्हणजे आमचे मॅनेजर. देवरे सर भिंतीला टेकून उभे, चेहरा राखेसारखा. फिल्टर नव्हता हे त्यांना माहीत, साहेबांना माहीत, पण त्या खोलीत तो शब्द एकदाही कुणी काढला नाही. कुंदा काळा चष्मा लावून खुर्चीत बसली होती. मी येताना मनाशी ठरवून आले होते. देवाशप्पथ ठरवलं होतं, की सांगून टाकायचं.

टिळेकर साहेबांच्या टेबलावर एक टाइप केलेला कागद होता, कायम करायच्या बायकांच्या यादीचा. उलट्या बाजूनेही मला त्यातलं ‘आहेर प्रमिला’ वाचता आलं. माझं नाव. पाचवं.

“आहेरबाई,” साहेब म्हणाले, “एवढंच सांगा. नियमाप्रमाणे दिवा पुकारला होता का? हो की नाही?”

“हो साहेब.”

देवरे सरांनी घसा खाकरला. “म्हणजे... टेबलावर ठोकून, की तोंडाने? चार दिवस तुमचं ते टकटक चाललं होतं म्हणून विचारतो. ठोकणं नियमात बसत नाही.”

माझी जीभ आपोआप सुटली.

“तोंडाने, सर. मोठ्याने पुकारलं. दिवा म्हणून.”

कुंदाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. काळ्या चष्म्यामागचं काही दिसत नव्हतं. मला वाटलं, आता ही बोलणार. देवरे सरांना टेबल नंबर सांगणारी बाई ही, हिला खोटं सहन होत नाही. आता बोलणार आणि मी संपणार.

“गायधनीबाई, तुम्ही ऐकलं होतं?” साहेबांनी विचारलं.

“नाही साहेब,” कुंदा म्हणाली. “मला नाही ऐकू आलं. पण ती म्हणते तर पुकारलं असेल. प्रमिला खोटं कशाला बोलेल?”

साहेबांनी लिहून घेतलं. ‘सूचना देऊनही कर्मचाऱ्याचे लक्ष नव्हते.’ खाली कुंदाची सही घेतली. काळ्या चष्म्यातून कुठे करायची ते तिला सापडेना, तेव्हा देवरे सरांनी कागदावर बोट ठेवून दाखवलं.

त्या सोमवारी यादी लागली. मी कायम झाले. कुंदाला वैद्यकीय कारण लिहून कमी केलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी तिच्या घरी गेले. लोकलाजेस्तव गेले की आणखी कशासाठी, मलाच ठाऊक नाही. सिडकोत दोन खोल्यांचं घर. कुंदा जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती. ताट समोर न धरता बाजूला धरलं होतं, आणि उजव्या डोळ्याला सवय लावायला डावा मिटून, मान दुसरीकडे वळवून, कोंबडीसारखी तिरकी बघत ती खडे शोधत होती. मला बघून एवढी हरखली म्हणता!

“अगं प्रमे! ये, ये. अहो, प्रमिला आली बघा.”

तिचा नवरा शांताराम आतून आला. एसटीच्या वर्कशॉपात होता तो. सरळमार्गी माणूस. हातात तीन-चार कागद होते.

“बरं झालं आलात ताई. मी येणारच होतो तुमच्याकडे.” तो समोर पाटावर बसला. “हा अर्ज फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे द्यायचाय. मायक्रोस्कोपला फिल्टर नव्हता, ते लिहिलंय. मला भांडायचं नाही कुणाशी. तिला निदान पॅकिंगला तरी कायम ठेवा, एवढंच मागणं आहे. घरी बसून वेडी होईल ती. पण वकील म्हणतात, तिने सही दिलीय की पुकारलं होतं. त्यामुळे अर्जात दम नाही. पुकारलं नव्हतं असं कुणी सांगितलं तर मात्र कंपनीला ठेवावंच लागेल तिला.” त्याने कागद गुडघ्यावर सरळ केले. “ताई, मी तुम्हाला दोष द्यायला नाही विचारत. गडबडीत माणूस विसरतो. एकदाच सांगा. खरंच पुकारलं होतं का तुम्ही?”

माझं तोंड उघडलं होतं. मी काय बोलणार होते, हे आजही मला सांगता येणार नाही. कारण त्याआधीच कुंदा कडाडली.

“तिला काय विचारता हो असं, चोरासारखं? शोभतं का तुम्हाला?” तिने ताट खाली ठेवलं. “मी तुम्हाला दहादा सांगितलं. चार दिवस ती बोलत नव्हती माझ्याशी. टेबलावर ठोकायची नुसती. माझे कान त्या ठोकण्याकडे लागलेले. मी त्या टकटकीची वाट बघत बसले, आणि हिने पुकारलं ते कानावरून गेलं माझ्या. साधी गोष्ट आहे. चूक माझी आहे.”

“पण कुंदा...”

“पण नाही न् बिण नाही. ठेवून द्या तो अर्ज. माझ्यापायी तिची नोकरी जायला नको. तिच्या घरात दुसरं कोण आहे कमावणारं?”

शांताराम माझ्याकडे बघत राहिला. मी खाली फरशीकडे बघितलं. मग त्याने कागदांची घडी घातली, उठला आणि आत गेला. आत लोखंडी कपाटाचं दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला.

मी चहा प्यायले. पोहे खाल्ले. हो, खाल्ले. कुंदा मुलांचं विचारत होती, मी सांगत होते, धाकट्याला आता बरं आहे, थोरल्याचं गणित कच्चं आहे. निघताना ती दारापर्यंत आली. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नव्हता, म्हणून चौकट चाचपत आली.

“प्रमे, एक बोलायचं होतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “मला डोळ्याचं एवढं काही नाही गं. आहे एक डोळा, भागेल. पण रात्रंदिवस एकच खातंय मला. त्या दिवशी अबोला तू सोडलास. तू, एवढी हट्टी बाई, माझ्याआधी बोललीस. आणि मी मेलीने ते ऐकलंसुद्धा नाही. तुला काय वाटलं असेल गं? की ही अजून रुसून बसलीय, हाकेला ओ देत नाही...”

“कुंदे, अगं...”

“नाही, मला बोलू दे.” तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. तिचे डोळे भरले होते. उजवा डोळा माझ्या चेहऱ्यावर रोखलेला होता, आणि मला माहीत होतं की त्या डोळ्याला माझा चेहरा सोडून सगळं दिसतंय. “तुझ्या अकरा डब्यांचं मी तुला आधी सांगायला हवं होतं. तेही चुकलंच माझं. आणि हेही. मला माफ कर.”

जिन्यात कुणी नव्हतं. शांताराम आत होता, अर्ज कपाटात होता, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला इन्स्पेक्टरचं ऑफिस उघडणार होतं. एक वाक्य बोलायचं होतं मला.

“असू दे गं,” मी म्हटलं. “माझ्या मनात काही नाही आता.”

तिने सुटकेचा श्वास टाकला आणि पदराने डोळे पुसले. असं तिला माफ करून मी चपला घातल्या आणि बस पकडायला निघाले.